बोलेरोच्या मानेवरचा भार

वलगावात मनकर्णाबाईंना 'हे तुमच्यानं होणार नाही' असं कुणी सांगायला जात नाही. पन्नाशी उलटल्यावर त्या बोलेरो चालवायला शिकल्या, तेव्हा पारावरची मंडळी खो-खो हसली होती. आता तीच मंडळी अमरावतीला जायचं म्हणून सकाळी त्यांच्या दारात ताटकळत असते.

गाडी शिकल्या त्या यजमानांपायी. अर्धांगवायूनं नत्थुजींची डावी बाजू गेली. काठीनं चालता यायचं, पण संडासाला उंच बैठक आणि धरायला दांडा लागायचा, आणि वेळ आली की धीर धरता येत नसे. एका लग्नात चारचौघांत फजिती झाली. तेव्हापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. लेक रागिणीनं बार्शीटाकळीला नवं घर बांधलं, वास्तुशांती झाली, बाप गेला नाही. लेक फोनवर रडली, तरी नाही. "लोकाच्या घरी माही शोभा नको," एवढंच म्हणायचे.

मनकर्णाबाईंना हे बघवेना. अमरावतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या किशोरकडून त्यांनी बोलेरोमागे जोडायची एक चाकांवरची खोली बांधून घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि मुख्य म्हणजे नत्थुजींच्या मापाचा संडास, दोन्हीकडे दांडे लावलेला. गाव त्याला डबा म्हणू लागलं, मग त्याही म्हणू लागल्या.

नत्थुजींना नेण्याआधी चाचणी म्हणून त्या नागपूरहून आलेल्या आपल्या मुलाला, गोपालला, शेजारी बसवून निघाल्या. बडनेरा सोडलं आणि एक कंटेनर भर्रकन बाजूनं गेला. डब्यानं शेपटी हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर बोलेरोही ओढली जाऊ लागली. मनकर्णाबाईंनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तेवढा काढून घेतला, आणि गाडी हळूहळू कडेला येऊन थांबली. गोपालच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"माय, इकून टाक हे. बाबा गाडीत असते तं?"

त्यांनी गाडी वळवली. घरी नत्थुजी सगळं ऐकून म्हणाले, "बरं झालं. इकून टाका." त्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता, आणि तोच मनकर्णाबाईंना झोंबला. माणूस स्वतःला घरात कोंडून घ्यायला निमित्तच शोधतो आहे म्हटल्यावर आता माघार कसली?

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा किशोरच्या शेडमध्ये उभा राहिला. डबा डोलू नये म्हणून लावायची साधनं किशोरनं समोर मांडली. गोपालनं दोन जाड लोखंडी दांड्यांचं, साखळ्यांचं धूड निवडलं. "हेच घेऊ. मजबूत हाये."

मनकर्णाबाईंनी ते उचलून पाहिलं. उजवं मनगट एकदा मोडून वाकडंच बसलेलं. धूड जागचं हललं नाही.

"मी लावून देईन ना," गोपाल म्हणाला.

"तू नागपूरले असतं. रस्त्यात सोडाव लागलं तं तुले बलावू काय?"

दुसरा एक बारका दांडा होता, पण गाडी मागं घेताना तो दरवेळी काढावा लागणार होता. "अन् मी इसरली तं?" त्यांनी विचारलं. किशोरनं तो मुकाट बाजूला ठेवला.

तिसरा होता नुसता हूक. डबा जोडायला बोलेरोच्या मागे लोखंडी गोळा होता, त्यावर बसवायचा आणि वरचा दांडा दाबायचा. आतल्या गाद्या गोळ्याला घट्ट आवळतात, डबा सहजी डोलत नाही. मनकर्णाबाईंनी तो डाव्या हातानं दाबला. उघडला. पुन्हा दाबला.

"हाच. मले एकटीले जमते तोच खरा."

किशोर हूक बसवायला गेला आणि थबकला. डब्याचं पुढचं तोंड त्याच्या एका हातानं अलगद वर आलं होतं. "काकू, सामान कुठं भरलं तुमी?"

"सारं मांगं. टाकी, सिलिंडर, पीठ, तांदूळ." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढलाच. माहेरी बैलबंडी भरताना जुवावर भार टाकणाऱ्या गड्याला त्यांचे वडील जेवू देत नसत. मुक्या जनावराची मान सोलते, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या, आणि तेच त्यांनी किशोरला ऐकवलं.

"बोलेरोची मान नाई सोलत, काकू. तिच्या मानेवर थोडा भार पायजेच, नाई तं डबा मांगून झुलते. आधी सामान पुढं घ्या. नुसता हूक बदलला तं रेड्याले रोग अन् पखालीले औषध."

मनकर्णाबाईंना राग आला. जन्मभर पाळलेली दयाच नडली म्हणजे काय? चहा थंड आणला म्हणून त्यांनी गोपालला विनाकारण झापलं. मग पदर खोचला आणि तांदळाचं पोतं स्वतः पुढं ओढायला लागल्या. टाकी आणि सिलिंडर किशोरनं पुढं बसवून दिले.

नंतर अंगणात रोजचा सराव. जोडायचं, सोडायचं, पुन्हा जोडायचं. मदतीला कुणी जवळ आलं की वस्सकन अंगावर जायच्या. मग हायवेवर एक फेरी झाली. ट्रकमागून ट्रक गेले, डबा गुमान मागं येत राहिला.

नत्थुजी तरी नाहीच म्हणत होते. "मी तं जाऊन राहिली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी नाई आले तं रिकामा संडास घेऊन जाईन लेकीकडं. गावाले काय सांगाचं ते तुमी सांगा."

नत्थुजी पुढच्या सीटवर येऊन बसले. मूर्तिजापूरच्या पुढं त्यांनी हळूच हात वर केला. पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी थांबली, ते डब्यात गेले, आले, बसले. अकोल्यापर्यंत ते खिडकीची काच खाली करून शेतातली कपाशीची पऱ्हाटी बघत होते.

बार्शीटाकळीला रागिणी धावत फाटकात आली. तिनं बापाचा हात घट्ट धरला. बाप लगेच परत निघेल याची तिला धास्ती होती.

"बाबा, च्या तरी घेसान ना?"

"च्या कायले? चार दिवस राहीन," नत्थुजी म्हणाले. "तुह्या मायनं माहं घर संगच आनलं."