आमचंच गाव दत्तक

कॉलेजनं शिबिरासाठी औंदा कोणतं गाव दत्तक घेतलंय हे सरांनी वर्गात सांगितलं, तेव्हा मी वहीत तोंड खुपसलं. जळकोट तालुक्यात एवढी गावं पडलीत, त्यात ह्यांना आमचंच घावलं. मैत्रिणी म्हणाल्या, बरंय की, घरचं खायला मिळंल. त्यांच्या बापाचं काय जातंय बोलायला. ज्या गल्लीतून मी खाली मान घालून एसटी धरायला जाते, त्याच गल्लीत टोपी घालून नाली उपसायची आणि वर ‘मुलगी शिकवा’ म्हणून ओरडायचं. आपल्याच घरासमोर ओरडायला लागलं की कळतं.

पण नको म्हणायची सोय नव्हती. लातूरच्या आमच्या कॉलेजात एक योजना होती. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षं नाव घालायचं, ठरलेले तास भरायचे, दोन्ही शिबिरं पुरी करायची, की शेवटच्या वर्षाची फी संस्था भरणार. माझं पहिलं वर्ष झालं होतं. एवढं एक शिबिर उरकलं की फी सुटली. आणि त्या सुटलेल्या फीचं काय करायचं हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. माझी धाकटी बहीण दहावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन दोन वर्षं घरी बसली होती. “दोघींचं एका टायमाला झेपत न्हाई,” असं अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले होते, आणि थोरली म्हणून मी पुढं गेले. ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. आता माझी फी वाचली की तिला जळकोटला अकरावीला घालायचं, हे मी तिला फोनवर सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती दिवस मोजत होती.

शिबिर गावच्या शाळेत. पहिल्याच दिवशी स्वयंपाकाला ठरवलेल्या दोन बायकांपैकी एक आलीच नाही. बहीण मला भेटायला म्हणून आली होती. चुलीपाशी एकटीच बाई घामाघूम झालेली बघून ती बसली भाकरी थापायला, ती सात दिवस उठलीच नाही. पन्नास पोरापोरींच्या दोन्ही वेळच्या भाकरी. आम्ही नाष्टा करून नालीवर जायचो, त्यातली अर्धी पोरं तर फोटोपुरतं फावडं धरायची. ही मात्र आम्ही उठायच्या आधी पीठ मळत असायची. आम्ही ताटं घेऊन बसलो की विचारायची, “अजून एक वाढू का?” मी ताटावर आडवा हात धरायची.

एका दुपारी भाकरी उलथता उलथता तिनं विचारलं, “अक्का, तुमचे तास रोज मांडून घेतात ना?”

“हाव.”

“मग माझे पण मांडा म्हणावं की सरांना. मी पण सेवाच करायले ना.”

चेष्टेनं म्हणाली असं वाटून मी हसले. ती हसली नाही. तशीच उठून मी सरांकडं गेले.

सर देवमाणूस, तेच तर वाईट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “तिचं नाव कॉलेजात आहे का?”

“नाही सर.”

“मग तास कुणाच्या नावावर मांडू? कॉलेजात येऊ दे, मी स्वतः तिचं नाव घालतो.”

“कॉलेजात यायलाच तर पैसे पाहिजेत, सर.”

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. “बाई, ते माझ्या हातात नाही गं.” खरंच नव्हतं. कुणी खवचट माणूस असता तर मी दोन हात केले असते. ह्या माणसाशी काय भांडणार?

संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर पथनाट्य. शाळा बंद केलेली पोरगी मी झाले होते. नाटकातला बाप पाच मिनिटांत विरघळतो आणि पोरीच्या हातात दप्तर देतो. अण्णा पुढंच बसले होते, दप्तर दिल्यावर त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. शेजारचे काका त्यांना म्हणाले, “पोरगी लई तयार झाली बरं तुमची.” अण्णांची छाती फुगली. मागं बायकांत बहीण उभी होती, हाताला पीठ तसंच. ती पण टाळ्या वाजवत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

शेवटच्या दिवशी समारोप. सरांच्या मनाला माझं बोलणं लागलं असावं. त्यांनी तिला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला, माईकवर भरभरून बोलले. तास मांडता येत नव्हते, तर निदान एवढं तरी करू, असं त्यांना वाटलं असंल. पाहुण्यांत पलीकडच्या गावचे एक गृहस्थ होते. त्यांनी अण्णांना विचारलं, “पोरगी कोणाची?”

“माझीच धाकटी.”

“पन्नास माणसांचं एकटीनं वढलं म्हणता? आणि तोंडातून चकार शब्द न्हाई?”

त्यांचा पोरगा नांदेडला वायरमन. पुढच्या रविवारी ते बघायला आले. बहिणीला अठरा पुरी झाली होती, अडवायला तेवढंही कारण उरलं नव्हतं. मी लातूरहून धावत आले तोवर पोहे खाऊन सगळं पसंत झालं होतं. पोरगा चांगला होता, तेही बोलायला जागा नाही.

मी अण्णांना घरामागं नेलं. म्हटलं, “अण्णा, तिला अकरावीला घालायचं ठरलं होतं ना आपलं? माझी फी वाचलीय. तेच पैसे तिला लावा की.”

अण्णा चिडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, “तुझी फी वाचली म्हणून तर जमायलंय, माय. तुझी भरायची असती तर औंदा तिचं लग्न काढलंच नसतं मी.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी ते शिबिर केलं नसतं, तर ती अजून एक वर्ष तरी वाट बघत बसली असती.