वेगळं मीटर

भाऊ वेगळे होतात ते जमिनीवरून, बांधावरून, नाहीतर आईच्या पाटल्यांवरून. आम्ही सायकलवरून झालो. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. त्याला वाटतं, खरं कारण आता येईल. पुढे काही नसतं. चहा येतो.

मखमलाबाद रस्त्याला आमचं घर. खाली दादा आणि वहिनी, वर मी आणि बायको. दादा माझ्याहून बराच मोठा. वडील गेले तेव्हा तो शाळेतून निघाला आणि शेवंती-झेंडूच्या मळ्यात उतरला, म्हणून माझी शाळा चालू राहिली. पुढे त्यानंच मला एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटवलं आणि लग्नही लावून दिलं. चुली दोन झाल्या होत्या, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. जिना एक, पाण्याची टाकी एक, विजेचं मीटर एक. ते दादाच्या नावावर. बिलाचा विषय काढला की तो म्हणायचा, "गप ए बारक्या. तुझा एक पंखा अन् एक टीव्ही, त्याचं काय घेऊन बसलास."

संध्याकाळी फुलबाजारातून आला की टेम्पो लावता लावता तो वर बघून हाक मारायचा, "बारक्या, चहा टाकलाय." त्या हाकेवर माझं घर उभं होतं, असं मी आज लिहू शकतो. तेव्हा मी फक्त खाली जाऊन चहा प्यायचो.

मला मोटारसायकल येत नाही. दादानं एकदा मळ्यात शिकवायला घेतलं होतं. मी क्लच सोडला आणि थेट झेंडूच्या वाफ्यात जाऊन पडलो. दादा वर उभा राहून म्हणाला, "चला, थांबायला तर आलं." त्यानंतर मी ऑफिसला साध्या सायकलनेच जात राहिलो, आणि पोचेपर्यंत शर्ट पाठीला असा चिकटायचा की पोरं मला पोहून आलेला कारकून म्हणायची.

अशात विजेवर चालणाऱ्या सायकली दुकानात आल्या. दुकानदार म्हणाला, "पेट्रोल नाही, लायसन नाही, नंबरप्लेट नाही, आवाज नाही." इतके नकार एका दमात ऐकून मी हुरळलो. एक 'नाही' सांगायचं तो विसरला होता. लाइट नाही.

कारण ते भारनियमनाचे दिवस होते. लाइट पोटाच्या वेळा बघून जायची आणि आली की घरात एकच झुंबड उडायची. पाण्याची मोटर चालू करा, मिक्सर फिरवा, इस्त्री उरका. त्यात आता माझी सायकल. जिन्याखालच्या बोर्डात चार्जर लावला की त्यावर लाल दिवा लागायचा आणि आतला चिमुकला पंखा घरघरायला लागायचा, अगदी वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमची म्हैस चरायला लागली की माझा मिक्सर गळाठतो."

मी त्यांना वॅट समजावून सांगितले. इस्त्री किती खाते, मोटर किती खाते, त्यामानाने ही बिचारी किती कमी खाते, बोटांवर मोजून सगळं सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

मग टाकी भरली नाही की सायकल, बल्ब उडाला की सायकल, टीव्हीतली बाई आखूड दिसली की सायकल. एकदा दूध नासलं तेही तिच्याच खात्यावर गेलं. मी हुशारी केली. लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी वहिनी बायकोला म्हणाल्या, "आता अंधारात चरती वाटतं." बायकोनं वर येऊन ते मला जसंच्या तसं ऐकवलं. त्या संध्याकाळी मी ताटावरून मान वर न करता जेवलो.

दादा या सगळ्यात एक अक्षर बोलला नाही. फक्त चहाची हाक विरळ झाली. वहिनींचे टोमणे मी पचवत होतो, पण ती हाक बंद पडली तर काय, ही धाकधूक मला होती. सायकल विकून टाकावी, हे तेव्हाही सुचलं होतं. पण चढावर पाय न हलवता जाण्याचं सुख ज्याला एकदा लागलं, त्याला शहाणपण सुचून उपयोग नसतो.

खंडेनवमी आली. झेंडूवाल्याला या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी दादा टेम्पो स्वतःच्या हाताने धुवायचा, त्याला गड्यांना हात लावू द्यायचा नाही. मी अंघोळ करून खाली आलो तर टेम्पो धुऊन हार घालून तयार होता आणि दादा माझी सायकल धूत होता. साधंसुधं धुणं नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून त्यानं फवारा केला होता. सीटखालची पेटी उघडून आतली धूळसुद्धा काढली होती. मागच्या चाकाची मोटर चकचकीत, हँडलला हळदकुंकू, आणि त्यावर झेंडूचा टपोरा दुपदरी हार. बाजारात चालली होती त्यातलीच फुलं.

"तुझ्या म्हशीला पण धुतली बारक्या," तो म्हणाला. "वर्षाचा सण हाय."

कितीतरी दिवसांनी बारक्या म्हणाला होता. मी किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. सीटखालून जळल्याचा वास आला आणि एक बारीक धुराची रेघ हाराच्या दिशेनं गेली, उदबत्तीसारखी.

दोन गडी टोपल्या चढवत उभे होते. वहिनी दारात होत्या. आणि मला विनोद सुचला. मला विनोद नेहमी चुकीच्या वेळी सुचतो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

"दादा, ही काय शेवंती आहे, पाणी मारलं की फुलायला?"

गडी हसले. ते हसले नसते तर कदाचित मी तिथेच थांबलो असतो. पण हशा मिळाला की माझी जीभ आणखी सैल होते. मी म्हणालो, "वायरच्या वस्तूवर पाणी घालू नये, हे चौथीच्या पोराला शिकवतात शाळेत."

आता कुणी हसलं नाही. दादानं जाऊन नळ बंद केला. पाइपातलं पाणी झटकून तो कोपरावर गुंडाळत राहिला, नीट, एकावर एक वेढा. मग म्हणाला, "आपली शाळा तेवढी झाली नाय."

त्यानं तिथंच माझ्या दोन कानाखाली दिल्या असत्या तर आज आमचा जिना एक असता.

सायकल घेऊन मी दुकानात गेलो. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. एका मेकॅनिकनं पेटी उघडून बघितली आणि सांगितलं, आतला भाग जळाला, तो आता मिळत नाही, आणि मोटर अशी अडकलीय की पायडल मारलं तरी जडच जाईल. खाली मी एवढंच सांगितलं, झाली दुरुस्त.

दिवाळीनंतर वीज खात्याचा माणूस नवीन मीटर घेऊन आला. दादानं अर्ज केला होता. वहिनीच घाबरल्या. म्हणाल्या, "अहो, कशाला? चालत होतं की. मी आपली बोलायची म्हणून बोलते."

दादा मीटरवाल्याला जागा दाखवत होता. त्याच्याकडेच बघत म्हणाला, "त्यांची वस्तू हाय. त्यांना चार्ज करायला मोकळं पडंल."

त्यांची. त्यांना. जन्मात पहिल्यांदा दादानं मला अहोजाहो केलं. माणसं मानासाठी धडपडतात. मला तो माझ्या जिन्याखाली फुकट मिळाला.

मीटर बसलं. बायकोनं विचारलं, "आता त्याच्यावर चार्ज काय करायचं?" मी म्हणालो, "इस्त्री." तीही हसली नाही. पुढे टाकी वेगळी झाली, मग आम्ही बाहेरून जिना काढला. भांडण असं कधी झालंच नाही. सणाला ताट वर येतं, ताट खाली जातं, रिकामं कुणी पाठवत नाही.

सायकल मी टाकली नाही. टाकली असती तर कशासाठी वेगळे झालो, हे विचारलं गेलं असतं. एका सकाळी पुलाच्या चढावर ती ओढत, घामानं भिजून, धापा टाकत चाललो होतो. जरा दम खायला एक पाय टेकला, तेवढ्यात मागून टेम्पो आला. हळू झाला. दादानं काच खाली केली.

"चार्जिंग हाय ना? नसंल तर टाका मागं."

"आहे," मी म्हणालो.

"मग बरं."

टेम्पो चढ चढायला लागला. आरशात मी त्याला दिसत होतो, आणि चार्जिंग असलेली सायकल चढावर उभी का, याला काही कारण पाहिजे होतं. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मी खाली वाकून बुटाची लेस बांधत राहिलो. पायात चपला होत्या.