हिंगोलीतला समुद्र

समुद्र हिंगोलीला आणता येतो, यावर अख्ख्या मराठवाड्यात एकाच माणसाचा विश्वास होता, आणि तो माणूस नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमचे दाजी. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि समुद्र नावाची वस्तू आमच्या लोकांनी नकाशात निळ्या रंगाने रंगवलेली तेवढी पाहिली होती. मी नुकताच हिंगोलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, राहत होतो. तिने मला एक स्वतंत्र खोली दिली होती. खिडकी होती, खुंटी होती, वह्या तपासायला टेबल होतं. ती खोली पुढे समुद्राने गिळली. हे मी आज हसत सांगतोय, तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

दाजींचं सायकलींचं दुकान होतं. भाड्याने सायकली देणं, पंक्चर काढणं, हवा भरणं. त्यातली हवा त्यांना विशेष कळायची. कुठलीही वस्तू समोर आली की आधी ती अंगठ्याने दाबून बघायची, ही त्यांची सवय. सायकलचं चाक ठीकच. पण कलिंगड, उशी, लग्नाच्या पंगतीतली पुरी, पाहुण्यांचं तान्हं लेकरू, कशालाही अंगठा लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही पुसेगावला गेलो, तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी त्या घरातल्या तिन्ही गाद्या दाबून पाहिल्या आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, "पाव्हणं, कापूस बसलाय. पिंजून घ्या." ते स्थळ तिथेच संपलं. माणसांची पारखही ते याच मापाने करत. "तुमच्या हेडमास्तरात हवा कमी हाय," असं ते मला म्हणत. एका पुढाऱ्याबद्दल म्हणाले होते, "लई भरलाय. उन्हात ठेवू नका." दोन्ही बाबतींत ते बरोबर होते, हे कबूल करायला हवं.

पण दुकान हा त्यांचा नाइलाज होता आणि उद्योग हा त्यांचा श्वास. उद्योग म्हणजे ज्यातून कुणाचाही कसलाही फायदा नाही असं काम. एका वर्षी त्यांनी सायकलीवर छत्री बसवली. पहिल्याच वावटळीत छत्री, सायकल आणि दाजी तिघंही कयाधूच्या पात्रात सापडले. मग पॅडल मारता मारता मिरची कुटणारी सायकल निघाली. ती चालली मात्र उत्तम. सगळी गल्ली दोन दिवस शिंकत होती. मधमाश्याही पाळल्या. त्या आठ दिवस राहिल्या आणि जाताना सगळ्या शेजाऱ्यांना भेटून गेल्या. या सगळ्यानंतर घरोघर जाऊन माफी मागायचं काम अक्काकडे. गळ्यात माळ असलेली, एकादशीला नरसीला जाऊन येणारी माझी बहीण मुळात शांत बाईमाणूस. पण दाजी दुकानातून शीळ घालत घरी आले की ती आधी भांडी उचलून वरच्या फळीवर ठेवी. शीळ म्हणजे नवा उद्योग.

एकदा दाजी सायकलींचे सुटे भाग आणायला मुंबईला गेले आणि परत आले ते शीळ घालतच. तिथे त्यांनी काचेच्या पेट्यांमध्ये ठेवलेले समुद्रातले मासे पाहिले होते. खडक, खडकावर हलणारी फुलं, त्यातून फिरणारे पट्टेदार मासे. "ते फूल नव्हं, ते जनावर हाय," ते आम्हाला सांगत होते, "आन तो दगड दिसतो ना, त्यो बी जित्ता हाय!"

"आता दगडाला बी जेवू घालायचं का?" अक्काने विचारलं.

"व्हय!" दाजी आनंदाने म्हणाले.

घरातली सर्वांत थंड जागा माझी खोली निघाली. माझी खाट ओसरीवर गेली. लोखंडी अँगलची चौकट आली, फोटो-फ्रेमवाल्याकडून जाड काचा आल्या, सांधायला खिडक्यांच्या काचा बसवतात ती लांबी आणि वरून रस्त्याच्या कामावरचं डांबर. माझ्या वह्यांना महिनाभर डांबराचा वास येत होता; मुलांना वाटे, मास्तर शाळेनंतर रस्त्यावर कामाला जातात. पेटी तयार झाल्यावर दाजींनी आडाचं पाणी भरून तिची परीक्षा घेतली. पेटीने थोडा वेळ विचार केला आणि डावीकडची काच सोडून दिली. पाणी माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलं आणि वर्षाच्या ज्वारीची दोन पोती भिजवून परसात गेलं.

त्या दिवशी अक्का ओरडली नाही, हेच वाईट होतं. तिने ज्वारी वाळत घातली, हात पुसले आणि मला साक्षीला बोलावलं. "अवो, एकच सांगते. ह्यो शेवटचा. ह्या पेटीतलं मासं मेलं की तुमचे उद्योग बंद. जन्मभर. दुकान बरं, घर बरं. घ्या शपथ, मास्तरासमोर." दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पेटीकडे पाहिलं, आणि शपथ घेतली. दिलेला शब्द मोडणारा हा माणूस नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला तर मनातून गुदगुल्या झाल्या. मासा येणार, चार दिवसांत मरणार, आणि माझी खाट आत जाणार.

डोंगरकडा गावचा एक ट्रक ड्रायव्हर कापसाच्या गाठी घेऊन मुंबईला जायचा. दाजी त्याच्याबरोबर गेले आणि येताना दहा कॅन समुद्र आणि त्यातच बुडवलेले, फुलासकट जिवंत दगड घेऊन आले. मासा दुधाच्या कॅनमध्ये होता. तो कॅन दोन गुडघ्यांत धरून, सायकलच्या पंपाने त्यात हवा सोडत, दाजी मुंबईपासून हिंगोलीपर्यंत ट्रकच्या मागच्या भागात बसून आले. वाटेत एका जकात नाक्यावर कारकुनाने विचारलं, कॅनमध्ये काय आहे? दाजी म्हणाले, "समुद्र." कारकुनाला भलताच संशय आला. त्याने कॅन उघडायला लावले, बोट बुडवून चव घेतली, थुंकला, आणि समुद्रावर जकात किती, हे पुस्तकात शोधत बसला. पुस्तकात समुद्र नव्हता. शेवटी "जाव बाबा" म्हणाला.

नव्याने सांधलेल्या पेटीत रेती पसरली, जिवंत दगड रचले, समुद्र ओतला आणि तो मासा सोडला. बोटभर लांबीचा, पिवळसर अंगावर काळे पट्टे. दगडावरचं ते फूल दोन दिवसांनी उमललं, तेव्हा दाजी माझा हात धरून नुसते उभे होते. हवेचा पंप विजेवर चाले आणि वीज तर रोज जायची; पण हवेच्या बाबतीत दाजींना कोण हरवणार? त्यांनी ट्रकची ट्यूब फुगवून भिंतीला टांगली आणि तिच्या तोंडाला बारीक नळी लावली. वीज गेली की ट्यूब चालू. अख्खं गाव बघायला आलं. एकटी अक्का तेवढी आली नाही. माळकरणीच्या घरात मासा, म्हणून तिने खोलीच्या दाराला जुनं लुगडं टांगलं आणि त्या बाजूला बघणंच सोडलं. माशासाठी दाजी डब्यातून लपवून झिंगे आणत; ते तिला कळत असे आणि कळत नसे.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे आडाची पातळी रोज विचारायची वेळ. पेटीतलं पाणीही रोज दोन बोटं आटू लागलं. मुंबईत मासा विकणाऱ्या दुकानदाराने सांगून ठेवलं होतं, कमी झालं की वरून भरत जा. कसलं पाणी, हे दाजींनी विचारलं नाही. समुद्रात समुद्रच घालायचा, यात विचारण्यासारखं त्यांना काही दिसलं नव्हतं. शिल्लक ठेवलेले कॅन संपले, तेव्हा ते खडे मीठ विरघळवून, बोटाने चव घेऊन, अगदी जुळवून घालू लागले. "माझी जीभ म्हंजे काटा हाय," असं ते म्हणत. वीस वर्षं तंबाखू-चुना झेललेली जीभ ती. काटा कधीच गळून पडला होता.

मे महिन्यात मासा दगडामागे जाऊन बसला. खाणं सोडलं. फूल मिटून सुपारीएवढं झालं. दाजींनी ओली पोती गुंडाळून पेटी थंड केली, हवा वाढवली, मिठाचं पाणी घातलं. मासा कलला. दुसऱ्या दिवशी दाजींनी दुकान वेळेवर उघडलं, वेळेवर बंद केलं, घरी येऊन हातपाय धुतले, जेवले आणि ताट उचलून ठेवलं. समोर कलिंगड होतं. त्याला हातही लावला नाही. शीळ नाही, बोलणं नाही. संध्याकाळी माझ्याशेजारी ओसरीवर बसून म्हणाले, "मास्तर, आठ-पंधरा दिवसांत तुमची खाट आत घेऊ." ही बातमी ऐकायला मी तीन महिने थांबलो होतो, आणि ती ऐकून मला ढसढसा रडावंसं वाटलं.

अक्काला तर हवा तसा नवरा मिळाला होता. पण तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती मला म्हणाली, "ह्यायचं लक्षण बरं दिसंना मला. काल मी दोनदा हाक मारली, दोन्हीदा 'व्हय' म्हणले. असं कधी म्हणत व्हते का?" बोलण्याच्या नादात चुलीवरची आमटी आटली. तिने पळीने तळहातावर घेऊन चाटली, खारट लागली म्हणून तोंड वाकडं केलं आणि शेजारच्या आधणातलं भांडंभर पाणी आमटीत ओतलं. ओतता ओतता तिचा हात थांबला. भांडं तसंच हातात घेऊन ती उठली आणि लुगड्याचा पडदा सारून सरळ खोलीत गेली. दाजी पेटीपुढे बसले होते.

"अवो, ह्यातलं पाणी आटतं ते कुठं जातं?"

"कुठं जातं म्हंजे? हवेत."

"आन मीठ?"

दाजी तांब्यात खडे मीठ ढवळत होते.

"मीठ बी हवेत जातं का? मीठ हितंच ऱ्हातं ना? मंग तुमी रोज वरून मिठाचंच पाणी काहून घालून राहिले?"

दाजींनी तो तांब्या हळूच पेटीमागे सरकवला. मी तर शाळेत विज्ञान शिकवत होतो. बाष्पीभवनाचा धडा मी त्याच वर्षी, फळ्यावर आकृती काढून, दोन तुकड्यांना शिकवला होता. मी खाली बघितलं.

आणि मग माझ्या माळकरी बहिणीने ते केलं, जे मी जन्मात विसरणार नाही. तिने गळ्यातली माळ एका हाताने धरली, दुसऱ्या हाताचं बोट माशाच्या पाण्यात बुडवलं आणि चाटलं. "आगं बया! हे तर लोणच्याचा खार हाय! लेकरू मरंल न्हाई तर काय व्हईल?" तोपर्यंत ज्याचं नावही ती घेत नव्हती, ते आता लेकरू झालं होतं. दाजी बादली घेऊन आडाकडे धावले. तिने त्यांना दारातच अडवलं. "एकदम न्हाई. बिचकंल ते. एक तांब्या काढा, एक तांब्या घाला. दमानं." दोन दिवस आम्ही तिघं आळीपाळीने तांब्या काढत होतो, तांब्या घालत होतो. ती चव घेऊन सांगायची, "अजून." शाळेला सुट्टी होती, दुकान बंद होतं, आणि आमटी रोज करपत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासा दगडामागून निघाला. सरळ निघाला, काचेपाशी आला आणि आमच्याकडे बघत तोंड उघडमिट करू लागला. दाजी खुर्चीवर बसल्या जागी झोपले होते. अक्काने त्यांना हलवलं नाही. नुसतं "अवो" म्हणाली. ते उठले, मासा बघितला, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझा दंड अंगठ्याने दाबून पाहिला. "मास्तर, वाळले तुमी," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. माझी खाट ओसरीवरच राहणार होती आणि मला त्याचा इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी दोन वेळा आंघोळ केली.

पुढच्या माघापर्यंत मासा चांगला राहिला. मग एका सकाळी तो तळाशी शांत पडलेला दिसला. पाणी बरोबर होतं, हवा चालू होती. दाजी उठून उभे राहिले आणि अक्काकडे बघत म्हणाले, "शपथ घेतली व्हती मी." अक्काने वाकून पेटीत पाहिलं. मग म्हणाली, "मेलं तर, म्हणलं व्हतं मी. हे मेलं न्हाई. ह्याचं वय झालं व्हतं." आणि पदर डोळ्याला लावून ती आत गेली. चार दिवसांनी दाजी शीळ घालत घरी आले. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी काय काय केलं, ते सांगायला दुसरा माणूस लागेल. माझ्यात तेवढी हवा नाही.

दाजी गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. सुट्टीत मी अक्काकडे जातो. घर झाडून पुसून लख्ख असतं, भांडी जागच्या जागी असतात, गल्लीतलं कुणी तक्रार घेऊन येत नाही. मागच्या खेपेला दुपारी आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. अक्काने उंबऱ्यातून आत, लख्ख घरावर नजर फिरवली. मग म्हणाली, "सकाळपासून काहीच सांडलं न्हाई बघ." मला दाजींची फार आठवण आली. "काहीच फुटलं न्हाई," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.