पोपटाची चोच कोणत्या बाजूला

आमच्या वन्संचं दंतमंजन आफ्रिकेकाठच्या जंगबार बेटावर जात असे. वन्सं स्वतः ठाण्यापलीकडे कधी गेल्या नाहीत, आणि समुद्र ओलांडणं म्हणजे तर घोर पाप. पण मंजनाला पाप लागत नाही, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

वन्सं म्हणजे इकडच्या थोरल्या बहीण. ठाण्याला दिलेल्या, आणि अगदी कोवळ्या वयात विधवा होऊन कल्याणला माहेरी परत आलेल्या. दर शनिवारी त्या सोवळं नेसत, माजघराचं दार लोटून घेत आणि मंजन कुटायला बसत. आत कोणी पाऊल टाकलं की विटाळ. मी या घरात येऊन सात वर्षं झाली होती, तरी त्या खलबत्त्यात काय काय पडतं हे मला कळलं नव्हतं. दाराच्या फटीतून लवंगेचा वास यायचा, तेवढाच काय तो माझा वाटा. विचारलं तर म्हणत, "तू परघरची. आज तुला सांगितलं की उद्या तुझ्या माहेरी पोचलं!" मी दिवसभर भांडी आपटत असे. एवढं भक्कम कुलूप साहेबाच्या तिजोरीलाही नसेल, आणि याला किल्लीसुद्धा लागत नव्हती.

मंजन जंगबारला गेलं ते बंदरावरच्या एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्यामुळे. त्यांना सगळं गाव चाचा म्हणे. त्यांची दाढदुखी या मंजनाने थांबली, तेव्हापासून ते त्याची तारीफ करत सुटले. जंगबारला त्यांच्या भाच्याचं दुकान होतं, तिथे त्यांनी पुड्या धाडल्या. तिकडे आपल्याकडचे कारकून, शिंपी, सुतार बरेच. त्यांच्यात मंजन चालू लागलं. इकडची स्वारी सुधारक. त्यांनी मुंबईहून शिळाछापाची चिठ्ठी करवून आणली: हिरवा पोपट, चोचीत बाभळीची काडी. वन्संना आता लुगड्यासाठी भावापुढे उभं राहावं लागत नव्हतं. त्या तसं बोलून दाखवत नसत, पण चालताना पाठ ताठ असे.

एके दिवशी चाचा घाम पुसत ओटीवर आले. "अक्का, घात झाला!" हातात पुडी, पुडीवर हिरवा पोपट, पण चोच उलट्या बाजूला. जंगबारात कोणीतरी आमची नक्कल करून विकत होतं.

इकडून जो संताप झाला तो काय सांगावा! लगेच नवी चिठ्ठी छापली: "नकली मालापासून सावध. खऱ्या पोपटाची चोच डावीकडे असते." चार महिन्यांनी तिकडची पुडी आली. तीवर छापलं होतं: "नकली मालापासून सावध. खऱ्या पोपटाची चोच उजवीकडे असते." मला हसू आवरेना. स्वारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

 ती पुडी आली त्याच दुपारी मी ताक घुसळायला गेले तर काय पाहिलं? चाचांनी हाताळलेली, समुद्र ओलांडून आलेली ती पुडी वन्संनी सोडली होती आणि बोटाने चिमूटभर मंजन जिभेवर ठेवलं होतं! माझ्या पदराचा वारा लागला तर पुन्हा अंघोळ करणाऱ्या आमच्या वन्सं! त्यांनी मला पाहिलं, रागावल्या नाहीत. चूळ भरून अंघोळीला विहिरीवर गेल्या.

पुढच्या रविवारी ठाण्याहून इकडचे स्नेही वकील आले. ते ओटीवर, वन्सं दाराआड, मी वन्संच्या मागे. वकील म्हणाले, "शोधाचा हक्क सरकारात मागता येतो. मात्र कृती सबंध लिहून दाखल करावी लागेल."

"म्हणजे ती कोणीही वाचणार?" दाराआडून प्रश्न आला.

"हो, वाचू शकतो."

"चोराने नेऊ नये म्हणून फडताळाची किल्ली चावडीवर टांगायची होय? आणि तुमचा तो कागद जंगबारात चालतो का?"

वकिलांना कबूल करावं लागलं की तो इथल्यापुरताच. जंगबारचा मुलूख निराळा, तिथे आपल्या लोकांचे तंटे इंग्रज वकिलातीपुढे चालत. मग त्यांनी दुसरी वाट काढली. वन्संनी प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं की हे मंजन मी स्वतः शोधून काढलं, दुसऱ्या कोणाचं नाही. तो कागद वकिलातीत धाडायचा, म्हणजे नक्कल करणाऱ्याचं दुकान बंद. कागद तयारच होता. फक्त निशाणी करायची होती.

टाक दाराआड आला. वन्संनी तो घेतला, बराच वेळ हातात धरला आणि परत केला.

"हे माझ्याने व्हायचं नाही. कृती माझी नाही, माझ्या सासूबाईंची."

मग त्या हळूहळू सांगत गेल्या. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून कुटायला शिकवलं होतं. पुढे सासूबाई गेल्या, नवराही गेला, आणि सासरच्यांनी वन्संना माहेरी पोचतं केलं. "अंगावरचं काढून घेतलं. डोक्यातलं काढून घ्यायचं कोणाला सुचलं नाही," वन्सं म्हणाल्या. नकली पुडी जिभेवर ठेवताच त्यांनी ओळखलं होतं. ही चव ठाऊक असलेला जिवंत माणूस त्यांच्याखेरीज एकच, त्यांचा धाकटा दीर. त्याचे दुधाचे दात याच मंजनाने घासलेले. तो जंगबारला गेला आहे हेही त्यांना ठाऊक होतं. आमची पुडी चाखून त्याला वाटलं असणार, आपल्या आईची कृती कोणी पळवली!

वकील निघून गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मला तरी सांगायचं होतंत."

"अगं, माझी असती तर तुला कधीच दिली असती," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं मी वन्संवर रागावून भांडी आपटली होती.

मग त्यांनी माझ्याकडून दिराला पत्र लिहवलं. मी लिहायला शिकले तेव्हा याच वन्संनी नाक मुरडलं होतं, हे मी त्यांना दौत उघडता उघडता ऐकवलं. पत्रात ना राग, ना रडगाणं. "तुमची वहिनी कल्याणास खुशाल आहे. कृती सासूबाईंची, मी ती न विचारता चालवली. तुम्ही म्हणाल तर बंद करीन. तुमच्या मंजनात लवंग कमी पडते." शेवटचं वाक्य गाळावं असं मला वाटलं. वन्संनी गाळू दिलं नाही.

उत्तराची वाट पाहण्यात अख्खा पावसाळा गेला. माजघराचं दार शनिवारीही उघडंच राही. खलबत्ता उपडा पडलेला. नवं लुगडं घ्यायची वेळ आली तेव्हा वन्संनी जुनंच फाटकं जोडून, दंड घालून नेसलं आणि भावाला काही म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधी चाचा आले, मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर जंगबारहून आलेलं लवंगांचं पोतं. सोबत पत्र नव्हतं, फक्त एक पुडी होती. पुडीवरचा पोपट गायब.

"काय लिहिलंय?" वन्संनी विचारलं.

मी वाचलं, "वहिनींचे दंतमंजन."

वन्संनी पुडी सोडून चिमूटभर चाखलं. "लवंग आता बरोबर आहे." मग म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी माझं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवून घेतलं. मग पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "शनिवारी लवकर अंघोळ कर. सोवळं नेस आणि आत ये."