पापुद्र्याचा दगड

पिंपरीला वडिलांच्या कारखान्याची वसाहत नवी होती आणि तिथली मराठी शाळा त्याहून नवी. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक झालेली. घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून त्या शाळेत हंगामी शिक्षिका झाले. माझ्याबरोबर आणखी एक हंगामी होती, चिंचवड गावठाणातल्या शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची. मुलं तिला गावच्या बाई म्हणत आणि मला, माझ्या मागे, कॉन्व्हेंटबाई.

जूनपासून दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते. हेडबाईंनी चौथीच्या भूगोलातला एक पाठ आम्हा दोघींत वाटून दिला. तिला विदारण, मला क्षरण. एकामागून एक शिकवायचं, त्या मागे बसून बघणार.

मला ती नोकरी हवी होती. त्याहून जास्त, ती तिला मिळायला नको होती. ती वर्गात शिरली की मुलं बाकावरच पुढे सरकत. मी शिरले की नीट बसत.

पाठाच्या दिवशी ती मुलांना घेऊन वर्गाबाहेरच गेली. क्वार्टर्सच्या पायासाठी खणलेल्या जागी एक काळपट गोल दगड अर्धा उघडा पडला होता. तिने पदर खोचला आणि अंगठ्याने दगडाची कड दाबली. कांद्याचा निघावा तसा पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा.

"काय रं, कुनी फोडला ह्यो?"

"कुनीच न्हाई, बाई!"

"मग?"

"उन्हानं. पान्यानं. थंडीनं."

"फुटला, पन गेला का कुठं?"

"न्हाई! हितंच हाय!"

"मग हेच विदारण. जागच्या जागी फुटणं," ती म्हणाली आणि पापुद्रा मुलांच्या हातांतून फिरवला. हेडबाईंनीही तो हातात घेतला. मी वेदरिंगची व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ म्हटली असती. दगड मात्र मी रोज त्याच्यावरून जाऊनही पाहिला नव्हता.

माझी तयारी कमी नव्हती. पत्र्याच्या ट्रेमध्ये मातीचा उतार केला होता, बागेतली झारी भरून आणली होती. पाणी पडेल, माती सुटून खाली जाईल आणि मी म्हणेन, बघा, हे क्षरण. फुटलेलं वाहून जाणं.

सगळे वर्गात परतल्यावर मी झारी तिरकी केली. पहिला ओघळ उतरला मात्र, पुढच्या बाकावरचे चार हात एकदम ट्रेमध्ये आले.

"बाई, माती चालली!"

"दाब, दाब तिकडनं! बांध घाल!"

मी पुन्हा पाणी ओतलं. त्यांनी आणखी माती लोटून बांध उंच केला. पाणी वर साचून राहिलं. माती हललीच नाही.

"हात बाजूला घ्या," मी म्हटलं. आवाज चढला होता.

"पन बाई, वरची माती ग्येली तर पेरायचं कुठं?" एका मुलीने विचारलं. ती खरंच घाबरली होती.

मागे हेडबाई हसू दाबत होत्या. मी दाराकडे पाहिलं. तिथे उभ्या गावच्या बाई हसत असत्या तर मला फार बरं वाटलं असतं. ती हसत नव्हती. आत येऊन तिने मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "अरं, ह्ये शेत न्हाई, खेळातलं हाय. जाऊ द्या एकदा. कसं जातं ते तर बघा."

तिच्या शब्दावर हात निघाले. बांध फुटला, माती ट्रेच्या कडेवरून जमिनीवर गेली. हेडबाईंनी त्याच मुलीला फरक विचारला. ती म्हणाली, "दगूड फुटला पन तिथंच ऱ्हायला. माती निघून ग्येली." मग माझ्याकडे रागाने पाहत, "बाईंनी घालवली."

सगळं बरोबर होतं. माझ्या अर्ध्या पाठाचं उत्तरसुद्धा गावच्या बाईंमुळे आलं होतं.

सुट्टी लागण्याआधीच तिचं नाव पक्कं झाल्याचं कळलं. शेवटच्या दिवशी तो पापुद्रा शिक्षकांच्या खोलीत टेबलावर होता. तिने जपून ठेवला होता, पुढच्या चौथीसाठी. मी रुमालात गुंडाळून तो पिशवीत टाकला.

फाटकाशी ती धावत आली. "अहो, माझा दगड पाहिलात का?"

"नाही," मी म्हटलं.

"असू द्या," ती म्हणाली. "खणलंय तिथं रग्गड हायेत." आणि माझा हात हातात घेऊन, जून लागला की घरी या म्हणाली.

घरी येऊन रुमाल उघडला तर आत नुसता चुरा होता.