अर्ध्या पोटाचा संसार

लढाई संपल्यावर आमचे हे पलटणीतून घरी आले, ते अर्धं जठर लष्करी इस्पितळात ठेवून. आत व्रण होता, तो फुटला, म्हणून कापावं लागलं, एवढंच त्यांनी पत्रात कळवलं होतं. मी सांगलीची, सातवी शिकलेली. तरी जठर पोटात नेमकं काय करतं हे मलाही सांगता आलं नसतं. उंब्रजजवळच्या आमच्या गावी सासूबाईंनी आपला सरळ अर्थ लावला होता. लेकाचं पोट खपाटीला गेलंय, खाऊ घातलं की भरून येईल.

आल्या दिवशी त्यांनी ताटात दोन भाकरी वाढल्या. हे अर्ध्या भाकरीवर थांबले. ताट उचलताना सासूबाईंचा चेहरा उतरला. आमच्याकडे गड्याचं बळ त्याच्या जेवणावरून जोखत.

पंधरा दिवसांनी गुऱ्हाळ लागलं. पहिल्या रसाचा तांब्या सासूबाईंनी स्वतः आणून लेकाच्या हाती दिला. आईचा मान म्हणून यांनी तो संपवला. थोड्याच वेळात ते बांधावर बसले. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे पडलेले.

"काय न्हाई, जरा पडतो," म्हणाले आणि पाचटावर आडवे झाले.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरून यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही बरोबर आल्या.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी कागदावर पेन्सिलीनं एक वाकडी पिशवी काढली. "गिळलेलं अन्न इथं दोन-चार तास राहतं. पिशवी ते घुसळते, आंबट रस त्यात मिसळतो, त्याची पेज होते. खाली हे दार. ते घोट घोट पेज आतड्यात सोडतं." मग त्यांनी पिशवीच्या खालच्या भागावर काट मारली. "यांचं हे दारच गेलंय. त्यामुळं खाल्लेलं, त्यातून गोड, एकदम आतड्यात पडतं. आतडं त्यासाठी अंगातलं पाणी ओढून घेतं. म्हणून हा घाम, ही घेरी."

"म्हंजी मीच त्येला..." सासूबाई एवढंच बोलल्या.

"तुम्हाला कोण सांगणार होतं, बाई?" डॉक्टर म्हणाले.

थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं. घास अगदी बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही, गोड नाही. जेवल्यावर थोडा वेळ पडायचं. परतताना मोटारीत सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "दार कापल्यावर दुकत आसंल का गं?"

पुढच्या बाकावरून यांनीच उत्तर दिलं, "आता न्हाई दुकत, आई."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः दर दोन-तीन तासांनी फडक्यात चतकोर भाकरी आणि पिठलं बांधून शेतावर जाऊ लागल्या. भावकीतले हसत. कुणी म्हणालं, "बाळंतिणीगत खातोय की." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्येच्या पोटाचं काम त्येचे दात करत्यात. येळ लागनारच." यांना मात्र हसणं लागे. कित्येक दिवस ते उसाच्या आड बसून खात. मी तिथं जाऊन शेजारी बसू लागले, तेव्हा हळूहळू बाहेर आले.

दोनेक वर्षांत शरीर सरावलं. एका वेळी अख्खी भाकरी जाऊ लागली. गूळ मात्र कायमचा सुटला. ऊस लावणाऱ्या माणसानं रसाला तोंड लावायचं नाही, याचं मला फार वाईट वाटे.

तोवर माझ्या लेखी घास गळ्याखाली उतरला की संपला. नंतर मी जेवून उठले की मन त्या घासामागे जाई. कुणी न सांगता, आपण झोपलो तरी, आत कुणीतरी घुसळतंय, जपून दार उघडतंय. जन्मभर ते माझ्यासाठी राबत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी आम्ही जेवलो की हे बाभळीखाली पडत. मी जवळ बसून शेंगा निवडी. एकदा डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "आता कुठवर गेलं आसंल?"

"तुमच्यात? पार पुढं गेलं आसंल. माझं अजून पिशवीतच हाय."

ते हसले, आणि थोड्या वेळानं उठून मोट धरायला गेले.