आईला तमिळ ऐकवलं ते दिवस

तमिळ मुलखातल्या आमच्या गावी राजवाड्याजवळच्या गल्लीतलं भाड्याचं घर सुटलं, म्हणून आईला मी नव्या फ्लॅटवर आणलं, आणि आठवडाभरात ती माझ्या हातचं खाईनाशी झाली. जागा बदलली की डिमेन्शियाच्या माणसाला परकं वाटतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिचा पलंग, देव, पितळी लोटा, सगळं मी जुन्या घरातल्यासारखंच मांडलं. तरी मी ताट नेलं की ती आधी भाताकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि ओठ घट्ट मिटायची. जणू मी विषच कालवून आणलंय! तिची गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

माझा संशय गेला सांभाळायला येणाऱ्या बाईवर. ती जवळच्या पापनाशम गावाहून बसने यायची, तमिळच बोलायची, आणि तिच्या हातचं आई निमूट जेवायची. हिनेच आईचे कान भरले असणार! लाज वाटते सांगायला, पण मी तिची पिशवीसुद्धा तपासली. पुढे "मला कळलं नाही" असं तिने म्हणू नये, म्हणून तिच्यादेखत मी आईशीही तमिळच बोलायची.

एका दुपारी बँकेत जाते म्हणून निघाले, आणि मुद्दाम लवकर परतून हळूच दार उघडलं. आतून आवाज आला, "जेवा की, आई. एक घास." मोडकंतोडकं, पण मराठी. बाई आईकडूनच शिकली होती. आणि आई मजेत रसमभात खात होती.

पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या आम्हा मराठी माणसांत तमिळ रस्त्यावरची, बाजारातली. घरच्या माणसाशी मराठीच. आईचा जन्म त्यात गेला. मग घरात शिरून तिच्याशी तमिळ बोलणारी मी कोण?

मला बघताच आई बाईच्या कानाशी लागली. "हळू बोल. ती आली. तिला आपलं बोलणं कळत नाही."

"कळतं गं आई," मी मराठीत म्हणाले.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग इतके दिवस परक्यासारखं का बोललात?"

मी घास पुढे केला. आईने आधी बाईकडे बघितलं. बाईने मान हलवली, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.